पाटील आडनाव आणि सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी

जुलै लागला की आमच्या तालुक्याच्या गावात युरियाची रांग लागते. माणशी दोन गोण्या, आधार कार्ड दाखवा, अंगठा लावा, आणि गोणीबरोबर नको असलेली एखादी बाटली मुकाट्याने घ्या. याला सगळे ‘लिंकिंग’ म्हणतात आणि सगळेच ते सोसतात. गेल्या पावसाळ्यात मीही त्या रांगेत दीड तास उभा होतो. पुढच्याला विचारलं, ‘‘कशाला घेता?’’ म्हणाला, ‘‘सोयाबीनला. पिवळं पडलंय.’’ मागच्याचंही सोयाबीनच. माझंही सोयाबीनच.

घरी येऊन बांधाजवळचं एक रोप उपटलं. उपटलं म्हणजे खुरप्याने मातीच्या ढेकळासकट काढलं, नाहीतर बघायचं तेच मातीत राहून जातं. पाण्याच्या बादलीत हलक्या हाताने मुळं धुतली. चाळीस दिवसांचं रोप. सोटमुळाच्या वरच्या भागात बाजरीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्याएवढ्या गाठी लगडलेल्या. एक नखाने फोडली, तर आत लाल पेरूच्या गरासारखा रंग. दुसरी फोडली, तीही तशीच. म्हणजे ज्या मालासाठी मी दीड तास ताटकळलो, त्याचा कारखाना माझ्याच शेतात बिनआवाज सुरू होता.

या गाठींत जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र पिकाला देतात, एवढं शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्या जिवाणूचं नाव रायझोबियम, हेही पाठ असतं. पुढे प्रश्न सुरू होतात. सोयाबीनच्या बियाण्याला चोळायचं जिवाणूंचं पाकीट हरभऱ्याला का चालत नाही? एका शेजाऱ्याला पाकिटाने फरक पडतो आणि दुसऱ्याला का पडत नाही? शास्त्रज्ञ एवढे हुशार आहेत तर गव्हाच्या मुळावर गाठी का आणत नाहीत? या सगळ्यांची उत्तरं एकाच गोष्टीत आहेत. ती अशी, की ‘रायझोबियम’ हा एक जिवाणू नाहीच.

हवेत आहे, पण तोंडाशी येत नाही

हवेचा ७८ टक्के भाग नत्र, म्हणजे नायट्रोजन. हिशेब केला तर एका एकरावर उभ्या असलेल्या हवेत सुमारे ३० हजार टन नत्र भरतो. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के नत्र धरला, तर या झाल्या पंधरा लाख गोण्या. आणि त्याखाली पीक पिवळं पडतं.

कारण हवेतल्या नत्राचे अणू जोडीने फिरतात आणि ती जोडी तिहेरी बंधाने एकमेकांना घट्ट धरून असते. झाडाला ती फोडता येत नाही, तुम्हाआम्हालाही नाही. आपण प्रत्येक श्वासात नत्र आत घेतो आणि जसाच्या तसा बाहेर सोडतो. ही जोडी फोडून त्याचा अमोनिया करायचा, म्हणजे झाडाला खाता येईल असं रूप द्यायचं, याला नत्र स्थिरीकरण म्हणतात. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये ते प्रयोगशाळेत साधलं, कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये त्याचा कारखाना उभा केला. त्याला चारशे ते पाचशे अंश तापमान आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. युरियाची प्रत्येक गोणी याच वाटेने येते.

हेच काम काही जिवाणू जुलैच्या थंडगार चिखलात करतात. त्यांच्याकडे नायट्रोजनेज नावाचं एक प्रथिन आहे, त्याच्या पोटात लोह आणि मॉलिब्डेनम असतं. काम फुकटात होत नाही. पेशीत ऊर्जेचं चलन चालतं, त्याला एटीपी म्हणतात. नत्राची एक जोडी फोडायला त्याची किमान १६ नाणी मोजावी लागतात. हा पैसा झाड साखरेच्या रूपात पुरवतं. आपल्याकडे अर्धलीने शेत देतात, तसाच हा व्यवहार आहे. जागा आणि खर्च झाडाचा, राबणूक जिवाणूंची, उत्पन्न दोघांत. त्यात फसवाफसवीही चालते, तिच्याकडे पुढे येतो.

पणती कोनाड्यातच का

या नायट्रोजनेजची एक खोड आहे. प्राणवायू लागला की ते कायमचं निकामी होतं. पण राबणाऱ्या जिवाणूला ऊर्जा मिळवायला श्वास घ्यावाच लागतो, आणि श्वासाला प्राणवायू हवा. मोठी पंचाईत!

आजी संध्याकाळी पणती लावायची तेव्हा ती कधी उघड्या ओट्यावर ठेवायची नाही, कोनाड्यात ठेवायची. पणतीला हवा लागते, पण वारा लागला की ती विझते. मुळावरची गाठ हा असाच कोनाडा आहे. बाहेरच्या थरातून प्राणवायू फार थोडा आत येतो. आत आला की एक लाल प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि मोजून मापून जिवाणूंच्या हाती देतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच हे भावंड, नाव लेगहिमोग्लोबिन. नखाने फोडल्यावर दिसणारा लाल रंग त्याचाच. गाठ आतून लाल-गुलाबी असेल तर काम चालू आहे, पांढरट असेल तर अजून सुरू झालेलं नाही किंवा होणारच नाही, आणि हिरवी-तपकिरी असेल तर कारखाना बंद पडला. या परीक्षेला प्रयोगशाळा लागत नाही.

मात्र सूत्रकृमीने, म्हणजे मातीतल्या बारीक कृमींनी, मुळावर आणलेल्या गाठींना फसू नका. त्या मुळाच्याच अंगात फुगलेल्या असतात, सुटत नाहीत. जिवाणूची गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते आणि बोटाने सहज निघते.

जिवाणू कोनाड्यात शिरतो तो आमंत्रणानेच. नत्राची चणचण भासली की मूळ मातीत काही रसायनं सोडतं, म्हणजे सांगावाच धाडतं. ज्या जिवाणूला तो कळतो, तो उलट आपला निरोप पाठवतो. हा निरोप म्हणजे साखरेच्या चार-पाच कड्यांची साखळी आणि तिला जोडलेली चरबीची शेपटी. साखळीला कुठे कोणता दागिना लटकवला आहे, यावरून मूळ ओळखतं की हा आपला की परका. ओळख पटली की मुळाचा केस वाकतो, जिवाणूला कवेत घेतो आणि आत एक बोळ तयार करून देतो. सोयाबीनला कळणारी खूण हरभऱ्याला कळत नाही. पाकिटांवर ‘सोयाबीन गट’, ‘हरभरा गट’, ‘चवळी गट’ असं छापलेलं असतं ते याचसाठी. (केसातून शिरायच्या या वाटेला भुईमूग अपवाद आहे. त्याच्या मुळात जिवाणू केसातून न जाता, फांदीमूळ फुटताना पडलेल्या भेगेतून घुसतो. ओळखपाळख तिथेही आहे, फक्त वाट मागच्या दाराची.)

एक आडनाव, अनेक घराणी

हेलरिगेल या जर्मन संशोधकाने १८८६ मध्ये बर्लिनला दाखवून दिलं, की द्विदल, म्हणजे डाळी-शेंगांच्या पिकांना नत्र हवेतून मिळतो आणि तो गाठींमुळे मिळतो. दोनच वर्षांत हॉलंडमध्ये बेयरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढला. १८९६ मध्ये तर ‘नायट्रॅजिन’ नावाने जिवाणू खताचं पेटंटही निघालं. त्या वेळी समज असा होता, की हा एकच जिवाणू आहे, फारतर त्याच्या पाच-सात जाती असतील. गाठ दिसली की आत रायझोबियम, संपला विषय.

पुढे बारकाईने पाहिल्यावर वेगळंच निघालं. सोयाबीनच्या गाठीतला जिवाणू प्रयोगशाळेतल्या ताटलीवर अगदी आळसावून वाढतो, वाटाण्यातला मात्र दोन-चार दिवसांत ताटली भरून टाकतो. हा फरक एवढा मुळातला ठरला, की १९८२ मध्ये सोयाबीनवाल्याला वेगळं घर द्यावं लागलं, नाव ब्रॅडीरायझोबियम. ‘ब्रॅडी’ म्हणजे मंद. भुईमूग, चवळी, मूग, उडीद यांचे सोबतीही बहुतेक याच मंद कुळातले. हरभऱ्याचा मेझोरायझोबियम, मेथी आणि लसूणघासाचा सायनोरायझोबियम, वाटाण्याचा मूळचा रायझोबियम. सेस्बेनिया रॉस्ट्राटा या धैंचाच्या आफ्रिकी नातेवाइकाच्या तर चक्क खोडावर गाठी येतात, त्यातला ॲझोरायझोबियम.

तरी ही सगळी चुलत-मावस भावंडं आहेत असं म्हणता येत होतं. २००१ मध्ये तोही आधार सुटला. लाजाळू आणि इतर काही द्विदलांच्या गाठींतून जे जिवाणू निघाले, ते या भावकीतले नव्हतेच. बर्कहोल्डेरिया आणि आज ज्याला क्युप्रियाव्हिडस म्हणतात तो, हे जिवाणूंच्या पार वेगळ्या शाखेतले. कोकणात, गोव्यात रस्त्याकडेला पाय लागला की मिटणारी लाजाळू मूळची अमेरिकेची. भारतातही तिच्या गाठींत क्युप्रियाव्हिडस सापडला आहे. उलट आपल्याच मातीतल्या लाजाळूच्या काही देशी बहिणी सायनोरायझोबियमच्या घराण्याशी संसार करतात. पान एकसारखं मिटतं, मुळातला पाहुणा वेगळा.

मला हे समजायला पाटील आडनाव उपयोगी पडलं. कुणी पाटील भेटला तर त्यावरून तुम्ही काय ओळखाल? त्याच्या पूर्वजांपैकी कुणाकडे तरी गावचं काम होतं, एवढंच. जात, जिल्हा, भाषा, कुलदैवत, काही कळत नाही. पाटील निरनिराळ्या समाजांत आहेत आणि त्यांचं एकमेकांशी नातं असेलच असं नाही. पाटील हे रक्ताचं नाव नाही, कामाचं आहे. रायझोबियमचंही तसंच. ‘द्विदलाच्या मुळावर गाठ बांधून नत्र देणारा’ हा हुद्दा आहे, घराणं नाही. आज हा हुद्दा सांभाळणाऱ्यांची डझनाहून अधिक घराणी माहीत आहेत.

आणि सख्ख्या नात्यात कोण निघतं ते पाहा. झाडांवर आवाळूसारख्या गाठी आणणारा रोगकारक ॲग्रोबॅक्टेरियम हा वाटाण्याच्या रायझोबियमचा इतका जवळचा, की त्यांची घरं एक धरायची की दोन यावर वर्गीकरणवाल्यांचा वाद आहे. गाईम्हशींचा गर्भपात घडवणारा ब्रुसेला हाही लांबचा भाऊबंद. एकाच वाड्यात चोर आणि कारभारी!

मग हे वतन इतक्या घराण्यांत गेलं कसं

इथे काळाचं एक गणित घालतो. जिवाणूंच्या जनुकांतले फरक मोजून ब्रॅडीरायझोबियम आणि सायनोरायझोबियम ही घराणी केव्हा वेगळी झाली याचा अंदाज काढला, तर तो सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा येतो. द्विदलांचं कुळ पृथ्वीवर आलं साधारण सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे दोन भावांची वाटणी झाली तेव्हा पाटीलकीचं गावच वसलेलं नव्हतं. तरीही दोघांकडे गाठ बांधायची जनुकं आहेत, आणि ती बरीच सारखी आहेत. बापाकडून आलेली नाहीत, मग आली कुठून?

एकमेकांकडून. जिवाणू आपल्या पोरांनाच जनुकं देतात असं नाही. शेजाऱ्यालाही देतात, तेही आयुष्याच्या मध्यात. सांगावा ओळखणं, खूण पाठवणं, नत्र फोडणं, ही कामं करणारी जनुकं बहुतेकदा एकाच गठ्ठ्यात बांधलेली असतात आणि गठ्ठाच्या गठ्ठा एका पेशीतून दुसरीत जाऊ शकतो. वतनाची सनदच म्हणा. ती ज्याच्या हाती पडली, तो पाटील.

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही, उघड्या रानात घडताना पकडलेलं आहे. न्यूझीलंडच्या ओटागो भागात एका ठिकाणी लोटस नावाचं चाऱ्याचं द्विदल पेरलं. तिथल्या मातीत त्याच्याशी जमणारे जिवाणू नव्हते, म्हणून बियाण्याला एकाच वाणाचा मेझोरायझोबियम चोळला. सात वर्षांनी सुलिवान, रॉन्सन आणि सहकाऱ्यांनी त्या झाडांच्या गाठी उघडल्या. आत वेगवेगळे जिवाणू निघाले, बियाण्याला चोळलेल्याशी न जुळणारे. पण गाठ बांधायचा जनुकांचा गठ्ठा प्रत्येकात तोच, पाकिटातला! मातीत आधीपासून राहणाऱ्या, कधी गाठीचं तोंडही न पाहिलेल्या स्थानिक जिवाणूंनी सनद उचलली होती. १९९५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे त्या गठ्ठ्याची लांबी मोजली तर ती भरली सुमारे पाच लाख अक्षरांची, म्हणजे जिवाणूच्या मानाने भलीमोठी पोथी.

ऑस्ट्रेलियात याचीच दुसरी बाजू दिसली. पश्चिम ऑस्ट्रेलियात बिसेर्युला हे चाऱ्याचं पीक १९९४ च्या सुमारास आणलं, सोबत निवडक जिवाणूही दिला. सहाएक वर्षांत गाठींत स्थानिक जिवाणू दिसू लागले. सनद तीच, पण त्यातले कित्येक गाठ बांधून आत बसत आणि नत्र मात्र थोडाच देत किंवा देतच नसत. हुद्दा मिळाला म्हणजे काम येतंच असं नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तुलूझच्या फ्रेंच संशोधकांनी २०१० मध्ये याहून धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. टोमॅटो-वांग्याला मर आणणारा राल्स्टोनिया हा जिवाणू शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे, ओळख कसली, शत्रूच. त्याला त्यांनी लाजाळूच्या जिवाणूची सनद दिली. आधी काहीच झालं नाही. मग लाखोंतून एखादा असा निघाला, ज्याने लाजाळूच्या मुळावर गाठ बांधली. त्याच्यात काय बदललं होतं? झाडावर हल्ला करायची यंत्रणा मोडली होती. दरोडेखोराने हत्यार खाली ठेवल्यावरच त्याला घरात घेतलं. नत्र मात्र तो देत नव्हता. गाठ बांधायला शिकणं सोपं आणि नत्र द्यायला शिकणं अवघड, हे या प्रयोगाने स्पष्ट केलं. वर बिसेर्युलाच्या रानात जे दिसलं, त्याचं कारणही इथेच आहे.

मे २०२४ मध्ये आणखी एक बातमी आली. अटलांटिक महासागराच्या उष्ण पाण्यात डायटम नावाच्या एकपेशीय शैवालाच्या पोटात नत्र देणारा एक जिवाणू सापडला, आणि तो निघाला याच रायझोबियमच्या भावकीतला. ना मूळ, ना माती, ना गाठ. पाटलांनी समुद्रातही एक वाडी वसवलेली आहे.

शमी आणि आपटा

आता झाडाच्या बाजूने बघू. दसऱ्याला आपण शमी पूजतो आणि आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतो. दोन्ही द्विदल कुळातली, शेंगांची झाडं. शमीच्या मुळावर गाठी येतात. आपट्याच्या येत नाहीत. चिंच, बहावा, गुलमोहर यांच्याही येत नाहीत. बाभूळ, पांगारा, करंज यांच्या येतात. शेंग दिसली की नत्र देणारं झाड, हा समज सोडून द्यावा लागतो.

हे का, याचं उत्तर २०१८ मध्ये बऱ्याच झाडांची जनुकं एकत्र ठेवून तपासल्यावर पुढे आलं. गाठी करण्याची कला द्विदलांच्या आणि त्यांच्या सोयऱ्यांच्या पूर्वजाला एकदाच, सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी साधली असावी, आणि नंतर एकेका वंशाने ती सोडून दिली असावी, असं आज अनेकांना वाटतं. गाठी न करणाऱ्या कित्येक झाडांत त्या कामाची जनुकं मोडलेली किंवा गळालेली सापडतात, जणू पडक्या वाड्याचं जोतं. ज्यांनी कला टिकवली त्यांतही भागीदार एक नाही. कोकणच्या किनाऱ्यावर वाळू धरून ठेवणारा सुरू शेंगांच्या कुळातला नाही, पण त्याच्या मुळावर गाठी असतात, आणि त्यात फ्रँकिया नावाचा, रायझोबियमशी काही संबंध नसलेला जिवाणू असतो.

सोडून का दिली असेल? मघाची १६ नाणी आठवा. जमिनीत नत्र आयता मिळत असेल तर साखर खर्चून घरात पाहुणे पोसायचे कशाला?

जिवाणू फसवत नाहीत का?

फसवतात. आत बसून साखर खायची आणि नत्र द्यायचा नाही, असे फुकटे जिवाणू मातीत भरपूर असतात. झाडही दुधखुळं नाही. २००३ मध्ये टोबी कीअर्स आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या काही गाठींना नत्र काढून टाकलेली हवा दिली. त्यातल्या जिवाणूंची इच्छा असूनही त्यांना नत्र देता येईना. झाडाने त्या गाठींचा प्राणवायू आवळला आणि आतल्या जिवाणूंची वाढ निम्म्यावर आली. काम नाही तर कोनाडाही नाही.

हरभरा, वाटाणा, मेथी यांची तऱ्हा आणखी कडक. ही झाडं जिवाणूला आत घेतल्यावर काही छोटी प्रथिनं पाजतात. त्याने जिवाणू फुगतो, जोमाने राबतो, पण त्याची प्रजा वाढवण्याची ताकद कायमची जाते. घरजावई झाला, परतीची वाट बंद. सोयाबीन आणि चवळीच्या गाठीतले जिवाणू मात्र गाठ कुजली की कोटींच्या संख्येने मातीत परत जातात.

शहरात राहणाऱ्यांनी मंडईतून मेथीची जुडी आणली तर मुळं फेकण्याआधी एकदा धुऊन पाहावीत. कधी कधी पांढुरक्या-गुलाबी, लांबट गाठी दिसतात. सोयाबीनच्या गोल, मेथीच्या लांबट, हा फरकही या दोन तऱ्हांच्या झाडांचाच.

‘‘पाकीट लावलं, काही फरक पडला नाही’’

ही तक्रार खोटी नाही. मी स्वतः एकदा पाकीट आणलं ते पत्र्याच्या दुकानात, मे महिन्यात, काउंटरच्या उन्हाच्या बाजूला ठेवलेलं होतं. पाकिटात जिवंत माल असतो, तो भाजून मेला तर उरते ती काळी भुकटी. वर मी ते बुरशीनाशकाबरोबरच कालवलं. क्रम असा हवा, की आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू, तेही गुळाच्या थंड पाण्यात कालवून, सावलीत सुकवून, आणि त्याच दिवशी पेरणी. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम.

पण सगळं नीट केलं तरी फरक दिसत नाही असंही होतं, आणि त्याचं कारण वर आलेलं आहे. ज्या शेतात पंधरा-वीस वर्षं सोयाबीन आहे, तिथे जुने जिवाणू ठाण मांडून बसलेले असतात. ते संख्येने जास्त, त्या मातीला सरावलेले, आणि मूळ वाढेल तिथे आधीच हजर. पाकिटातला नवखा कितीही गुणी असला तरी गाठीत जागा मिळवण्याची शर्यत तो हरतो. अमेरिकेत सोयाबीनच्या पट्ट्यात हा अनुभव शास्त्रज्ञांना दशकानुदशकं आला. याउलट ज्या जमिनीत ते पीक पहिल्यांदाच घ्यायचं, तिथे पाकीट म्हणजे जवळजवळ सगळं काही.

म्हणून पाकीट निरुपयोगी का? ब्राझीलकडे पाहिलं तर तसं म्हणवत नाही. तिथल्या मातीत सोयाबीनचे जिवाणू मुळात नव्हते. त्यांनी वाण निवडले, मातीत टिकून पुन्हा गुणी ठरलेले परत वेचले आणि शेतकऱ्याला दरवर्षी लावायला शिकवलं. आज तिथलं सोयाबीन मुख्यतः जिवाणूंच्याच नत्रावर उभं आहे. या कामासाठी तिथल्या मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चा वर्ल्ड फूड प्राइज मिळाला. पाकीट काही तीस-चाळीस हजारांची गोष्ट नाही, त्यामुळे चांगल्या ठिकाणचं, ताजं, तारीख पाहून आणलेलं मिळत असेल तर मी लावतो. फक्त चमत्काराची अपेक्षा ठेवत नाही.

‘‘थोडा युरिया टाकला तर बिघडलं कुठं?’’

पेरणीच्या वेळी थोडा नत्र देतात तो ठीकच, कारण गाठी कामाला लागेपर्यंत तीन-चार आठवडे जातात. पुढे भरमसाट टाकला, तर झाड हिशेबी आहे. मातीत आयता माल दिसला की ते नव्या गाठी करणं थांबवतं आणि जुन्यांचा खर्च कमी करतं. रांगेतल्या त्या गृहस्थांचं सोयाबीन पिवळं का पडलं होतं मला ठाऊक नाही. पाणी साचून मुळं गुदमरली तरी पिवळं पडतं, चुनखडीच्या रानात लोह कमी पडलं तरी पडतं. त्याला युरिया हा उपाय नव्हे. आधी एक रोप उपटून गाठ फोडायची, मग रांगेत जायचं की नाही ते ठरवायचं.

‘‘बेवड तर चांगला मिळतो ना?’’

जुनी माणसं हरभऱ्याचा, मुगाचा बेवड चांगला म्हणायची, म्हणजे ते पीक निघाल्यावर पुढच्या पिकाला जमीन चांगली मिळते, ते अनुभवाने. पण सोयाबीनच्या बाबतीत हिशेब नीट मांडायला हवा. सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं, आणि प्रथिन म्हणजे नत्र. गाठींनी कमावलेला बहुतेक माल दाण्यात जातो, दाणा बाजारात जातो. वर आपण कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसाही उचलून नेला किंवा पेटवून दिला, तर जमिनीला मिळतं ते गळलेली पानं आणि मुळं. कधी कधी तर जमीन थोडी तोट्यातच जाते. ताग किंवा धैंचा फुलोऱ्यात गाडला तर मात्र कमाई सगळी शेतातच राहते.

‘‘मग गव्हालाच गाठी आणा की’’

प्रयत्न चालू आहेत. आशेला जागा आहे, कारण मुळाने बुरशीशी मैत्री करायची जी फार जुनी वाट आहे, जवळजवळ झाडं जमिनीवर आली तेव्हापासूनची, तिच्यावरच द्विदलांनी गाठीचं दुकान थाटलं. ती वाट गहू, ज्वारी, भात यांच्यातही शाबूत आहे. पण वाट असणं वेगळं आणि कोनाडा, प्राणवायूचं माप, साखरेची नळी, फुकट्यांना आवळणं हे सगळं उभं करणं वेगळं. राल्स्टोनियाला सनद देऊनही नत्र निघाला नाही, ते आठवा.

उसाला ॲसेटोबॅक्टर लावतात, तो वेगळा कारभार. ब्राझीलमध्ये १९८८ च्या सुमारास उसाच्या अंगातच राहणारा हा जिवाणू सापडला आणि आपल्याकडच्या ऊसवाल्यांपर्यंत पोचला. तो गाठ बांधत नाही, पेशींच्या फटीत भाडेकरूसारखा राहतो. देतो थोडं, मागतोही थोडं.

यंदा रब्बीत हरभऱ्याचं एक रोप याच हौसेने उपटलं. गाठी लांबट, बोटं फुटल्यासारख्या, आल्याच्या कुड्यासारख्या दिसणाऱ्या. नखाने उभी चिरली, तर टोक पांढरं, मधला भाग गुलाबी, मुळाकडची बाजू हिरवट. टोकाला नवीन भरती, मध्ये राबणारे, मागे थकलेले, सगळे एका ओळीत. बायको म्हणाली, ‘‘एवढी रोपं उपटून बघत बसलात तर घाटे धरायला काय राहील?’’ अकरा उपटली होती.